दिवाळीचा किल्ला: मातीच्या राजगडाच्या कामाच्या नोंदी

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, विजयादशमी

आज सोने वाटून झाल्यावर इमारतीतल्या मुलांना एकत्र बसवले आणि यंदा वाहनतळाच्या मागच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला करायचे ठरले. गेली काही वर्षे आमच्याकडे प्लास्टरचा तयार किल्ला विकत आणून टेबलावर ठेवला जातो. माझी लेक बारा वर्षांची झाली, पण तिने एकदाही चिखलात हात घालून किल्ला केलेला नाही, ही गोष्ट मला फार दिवस सलत होती. राजगड करायचा हा निर्णय मुलांचाच आहे. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यांत राजगड आहे आणि आमच्यातल्या तिघांनी तो उन्हाळ्याच्या सुटीत पाहिलाही आहे.

किल्ल्याचा पसारा पाच फूट बाय चार फूट आणि उंची पावणेतीन फूट धरली आहे. मुलांची सहामाही परीक्षा १५ तारखेला संपते, म्हणून तोपर्यंतचे अवजड काम मी बँकेतून आल्यावर संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी करणार आहे.

या नोंदी ठेवण्याचे कारण सांगते. साताऱ्याला आमच्या घरी दर दिवाळीला अंगणात किल्ला होत असे. बाबा सांगत, दादा घडवत असे आणि मी माती, शेण, पाणी आणून देत असे. आज मी एकोणपन्नास वर्षांची आहे आणि बाबांना जाऊन सहा वर्षे झाली. त्या किल्ल्याचे तंत्र कुणीही कधी कागदावर उतरवले नाही. ज्यांना पुढे हेच काम करायचे आहे, त्यांना निदान आमच्या चुका तरी हाताशी असाव्यात.

४ व ५ ऑक्टोबर, शनिवार व रविवार

पहिली चूक मातीच्या निवडीतच झाली. रोपवाटिकेत काळी माती स्वस्त मिळाली, म्हणून पाच गोण्या घेतल्या. गोणीला १०० रुपये पडले. ती भिजवून एकावर एक थापत गेले आणि रविवारी संध्याकाळपर्यंत दोन फूट उंचीचा ढीग उभा राहिला. वरून तो डोंगरासारखा दिसत होता, पण आत पोकळी किंवा आधार काहीच नव्हता, सगळी निव्वळ माती होती. एकूण नऊ तास गेले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

ढिगाला माथ्यापासून पायथ्यापर्यंत भेगा पडल्या. एका भेगेत माझी दोन बोटे सहज गेली. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आकसते, हे शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही ठाऊक असते. मी मात्र ते माती विकत घेताना लक्षातच घेतले नाही. बारीक भेगा लिंपून पाहिल्या, तर शेजारी नव्या पडल्या.

रात्री दादाला फोन केला. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “तू शंकूचा डोंगर केलास. आपण साताऱ्यात अजिंक्यतारा करायचो, तो माथ्यावर सपाट, म्हणून ढीग चालून जायचा. राजगडाला तीन माच्या आहेत. बाबांचा पंजा आठव.” मग मला आठवले. कोणताही डोंगर समजावताना बाबा आपला हात पालथा जमिनीवर टेकवत, बोटे फाकवत आणि सांगत की मधला उंचवटा म्हणजे बालेकिल्ला, बोटे म्हणजे सोंडा, आणि बोटांमधल्या बेचक्या म्हणजे घळी. पाणी जिथून वाहील तिथून डोंगर कोरायचा. त्यांच्या तर्जनीच्या पेरावर विळ्याने कापल्याची पांढरी खूण होती, तीही मला या क्षणी स्पष्ट दिसते आहे.

लेकीने आपला हात फरशीवर पालथा ठेवला आणि मी भोवती खडू फिरवला. माची म्हणजे बालेकिल्ल्यापासून खाली बाहेर गेलेली, तट घातलेली सोंड. उत्तरेला पद्मावती माची, पूर्वेला सुवेळा, नैर्ऋत्येकडे लांब गेलेली संजीवनी आणि मधोमध बालेकिल्ला. नकाशाचा प्रश्न तिथेच सुटला.

८ ऑक्टोबर, बुधवार

सगळा ढीग उपसून काढला. काळी माती इमारतीच्या बागेतल्या वाफ्यांत पसरली, त्यामुळे ती अगदीच वाया गेली असे नाही. पण पैसे आणि नऊ तास गेले ते गेलेच. नव्याने लाल मातीच्या आठ गोण्या आणल्या, प्रत्येकी १२० रुपये. सोबत एक गोणी वाळू घेतली आणि जवळच्या गोठ्यातून दोन पाट्या शेण आणले.

११ व १२ ऑक्टोबर, शनिवार व रविवार

या दोन दिवसांचे काम मनासारखे झाले. कृती सविस्तर लिहिते, कारण सगळा किल्ला याच्यावरच उभा राहतो.

शुक्रवारी रात्री माती चाळून, चार घमेली मातीला एक घमेले वाळू आणि अर्धे घमेले शेण या प्रमाणात कालवून ती मुरत ठेवली. शनिवारी सकाळी खडूच्या आखणीवर जुन्या विटा, फुटकी कौले आणि दोन तुटक्या बादल्या उपड्या घालून सांगाडा रचला. बालेकिल्ल्याखाली विटांचे सात थर, माच्यांखाली चार, आणि माच्या टोकाकडे उतरतात तिथे दोन. सांगाडा हाताने हलवून पाहिला पाहिजे; एक जरी वीट डुगडुगली तरी पुढे तिथेच माती सुटते. त्यावर कालवलेल्या मातीत बुडवलेली पोती पसरली. पहिले पोते फारच पातळ काल्यात बुडवले होते, त्यामुळे ते सांगाड्याला चिकटून बसले आणि विटांचे कोपरे उघडे दिसू लागले. काला इतका दाट हवा की पोते उचलल्यावर निथळू नये, त्याच्या अंगावर बोटभर जाड थर तसाच राहावा. पोत्यांवर तीन बोटे जाडीचे मातीचे लिंपण दिले आणि बोटांनी, चमच्याने घळी कोरल्या.

सुवेळा माचीवर खडकाला आरपार छिद्र आहे, त्याला नेढे म्हणतात. राजगड पाहिलेल्या मुलांची अट होती की नेढे हवेच. मातीत ते तीनदा कोरले आणि तिन्ही वेळा वरची कमान बसली. स्वयंपाकघरात आईने ओल्या नारळाच्या करंज्यांसाठी नारळ खवला होता. त्याच्या करवंटीचा बूड कापून कडे तयार केले, ते खडकात बसवले आणि त्यावर माती थापली. चौथ्या वेळी नेढे टिकले आणि त्यातून पलीकडचा जिना दिसू लागला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

उतारांवर हिरवळीसाठी हळीव पेरला. गहू किंवा मोहरी उभ्या उतारावरून घरंगळते, तर हळिवाला पाणी लागले की दाण्याभोवती बुळबुळीत आवरण येते आणि तो मातीला धरून राहतो, म्हणून किल्ल्यासाठी हळीवच उत्तम. माझी चूक अशी की लवकर उगवावा या विचाराने मी पाव किलो हळीव रात्रभर भिजत घातला. सकाळी त्याचा एकसंध गोळा झाला होता. तो हाताने पसरायचा प्रयत्न केला, तेव्हा कुठे मूठभर दाणे एकत्र बसले आणि कुठे एकही दाणा पडला नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

हळिवाच्या गुठळ्यांना आंबूस वास येऊ लागला, म्हणून त्या खरवडून काढल्या. ७५ रुपये गेले. त्याहून काळजीची बाब म्हणजे लाल मातीच्या लिंपणालाही बारीक भेगा पडू लागल्या आहेत. काळ्या मातीसारख्या मोठ्या नाहीत, पण कोळ्याच्या जाळ्यासारख्या सगळीकडे आहेत. प्रमाण दादाने सांगितले तेच होते. त्याला पुन्हा विचारले, तर तो ठामपणे म्हणाला की आपल्या किल्ल्याला भेगा कधीच पडत नसत.

जेवताना हे बोलणे चालले होते. आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. भाताचा घास हातात तसाच ठेवून ती म्हणाली, “पडायच्या की. तुम्ही झोपलात की मी शेणकाला घेऊन रोज हात फिरवायची. चकल्या तळून झाल्या की शेवटचं काम तेच असायचं. नाहीतर सकाळी तुझा भाऊ रडत बसला असता.”

मी काही वेळ बोलूच शकले नाही. चाळीस वर्षे मी असे धरून चालले होते की किल्ला बाबांचा आणि दादाचा, आणि त्यातला माझा वाटा माती-पाणी आणण्याचा. आईचे नाव त्यात कधी घेतलेच गेले नाही, कारण तिचे काम आम्ही झोपल्यावर होत असे आणि सकाळी त्याची खूण उरत नसे. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत घरातले फराळाचे, साफसफाईचे, पाहुण्यांचे सगळे उरकून ती अंधारात अंगणात बसून भेगा बुजवत होती. तंत्रातला जो दुवा मला सापडत नव्हता, तो हा.

आता कृती. ओंजळभर ताजे शेण आणि ओंजळभर चाळलेली माती साधारण तांब्याभर पाण्यात कालवायची. काला ताकासारखा पातळ, पण पूर्ण पाणी नव्हे. भेगेवर आधी नुसत्या पाण्याचा हात द्यायचा, मग तळव्याने काला वरून खाली एकाच दिशेने फिरवायचा. मागे-पुढे घासले तर भेग मोठी होते. हे काम ऊन उतरल्यावर, शक्यतो रात्रीच करायचे, म्हणजे काला सावकाश सुकतो. आईने जिन्याच्या पायरीवर बसून एक उतार स्वतः करून दाखवला. तिचा हात फिरताना अंगठा वर उचललेला असतो आणि मातीवर केवळ तळव्याची टाच टेकते, हे जवळून पाहिल्याशिवाय कळले नसते. उरलेले उतार मी रात्री साडेदहापर्यंत केले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी भेगा जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. संध्याकाळी पुन्हा हळीव पेरला, या वेळी कोरडाच, ओल्या उतारावर चिमटीने शिंपडून. वर ओले पोते दोन दिवस झाकून ठेवायचे आहे. कडेच्या सपाट जागेत मोहरी टाकली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

परीक्षा संपल्यामुळे आज सहा मुले कामाला आली. तटबंदीसाठी मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या. ६० रुपयांचा पुठ्ठा ओल्या मातीत दोन तासांत भिजून वाकला. शेवटी मातीच्या वळकट्या करून तट बांधला. वळकटी करंगळीएवढी जाड करायची, खालच्या मातीवर खिळ्याने आडव्या रेघा मारून ती ओली करायची आणि मगच वर बसवायची. रेघा न मारता बसवलेला तट वाळल्यावर अखंड उचलला गेला. जंग्यांसाठी, म्हणजे तटातून मारा करायच्या छिद्रांसाठी, काडेपेटीच्या काडीने भोके पाडली. संजीवनी माचीचा तट दुहेरी आहे, दोन भिंतींमध्ये अरुंद वाट आहे आणि बुरुजांनाही चिलखत म्हणजे बाहेरून दुसरी भिंत आहे. हे काम धाकट्या बोटांचेच. नऊ वर्षांच्या एका मुलाने ती वाट जेवणाची सुटी न घेता पूर्ण केली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

पोते काढले. हळिवाला बारीक पांढरे मोड आले आहेत. रात्री शेणकाल्याचा हात फक्त तटांच्या पायथ्याशी दिला. मोडांवर देऊ नये.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

आज मोठी पडझड झाली. पद्मावती माचीवरच्या तळ्यासाठी पत्र्याच्या डब्याचे झाकण बसवून त्यात पाणी भरले होते. झाकणाच्या सांध्यातून ते पाणी रात्रभर आत झिरपले आणि माचीचा ईशान्येकडचा, गुंजवणे दरवाजाकडचा वीतभर भाग खाली बसला. दरवाजा आणि दोन बुरूज गेले. मुलांचे चेहरे पाहवत नव्हते. ओली माती पूर्ण काढून आत कोरडी वाळू आणि कौलांचे तुकडे भरले, वरून नवे पोते लावले आणि दुपारच्या उन्हात तीन तास तसेच राहू दिले. तळ्याला आता जाड प्लास्टिकचा तुकडा अंथरला आहे आणि पाणी फक्त पाहुणे येतील तेव्हाच भरायचे आहे. पत्र्याचे भांडे पुन्हा वापरणार नाही.

मुलांना सलाईनच्या नळीचे कारंजे हवे होते, जसे आमच्या लहानपणी प्रत्येक किल्ल्यावर असे. मी नको म्हटले. राजगडावर कारंजे नव्हते. तिथे पद्मावती तलाव आहे, बालेकिल्ल्यावर चंद्रतळे आहे आणि खडकात कोरलेली टाकी आहेत. इतक्या उंचावर गड नांदता राहिला तो साठवलेल्या पाण्यावर. मुलांनी मग खडकात तीन टाकी कोरली. माझ्या मते त्यांना कारंज्यापेक्षा ती जास्त आवडली.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून सिंहासनावरचे महाराज २५० रुपयांना आणि सात मावळे प्रत्येकी ४० रुपयांना आणले. बाकीची चित्रे, म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या छोट्या मूर्ती, साताऱ्याच्या पत्र्याच्या पेटीतली. ती १९८० च्या दशकातल्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेली होती. एका मावळ्याचा उजवा हात तुटलेला आहे. दादा तो दरवर्षी तटाच्या आड उभा करायचा, म्हणजे हात दिसत नसे. त्याला याही वेळी पाली दरवाजाच्या तटाआड जागा दिली. वाघ बुरुजापेक्षा उंच आहे, पण पूर्वीप्रमाणेच तो पायथ्याच्या गुहेत बसला.

मुलांनी पुठ्ठ्याच्या पाट्या लिहिल्या: मूळ नाव मुरुंबदेवाचा डोंगर, सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी, १६५९ मध्ये सईबाईंचे निधन इथेच, १६६६ मध्ये आग्र्याहून सुटून महाराज परतले ते इथेच, १६७० मध्ये राजाराम महाराजांचा जन्म इथेच. सईबाईंची पाटी माझ्या लेकीने लिहिली आणि त्यापुढे एक पणती लावायची असे तिने स्वतःच ठरवले.

आईला लिफ्टने खाली आणून खुर्चीवर बसवले. तिने सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली की बुरूज खालून वर सारखेच जाड आहेत, ते पायाशी रुंद हवेत. मग हात पुढे करून तिने ओल्या मातीची एक चिमूट एका बुरुजाच्या पायाशी अंगठ्याने दाबली. मुलांनी पाहून उरलेले अकरा बुरूज तसेच केले.

२० ऑक्टोबर, सोमवार, नरक चतुर्दशी

अभ्यंगस्नान आटोपून सहाच्या आत सगळे खाली जमले. हळीव बोटाच्या दीड पेराएवढा उंच झाला आहे आणि त्याच्यावर दव धरले होते. पणत्या माच्यांच्या टोकांवर, हिरवळीपासून चार बोटे दूर ठेवाव्यात. एक पणती जवळ ठेवली तिथला हळीव तेल सांडून कोमेजला.

२१ व २२ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन आणि पाडवा. फक्त पाणी फवारले आणि रात्री हात फिरवला. दोन्ही रात्री लेक माझ्याबरोबर होती.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

दादा आला. ओवाळून झाल्यावर ताटातला फराळ तसाच ठेवून तो खाली गेला. त्याने सांगितलेले दोष असे: संजीवनी माची फार आखूड झाली आहे आणि ती सरळ रेषेत गेली आहे, खरी माची टप्प्याटप्प्याने उतरते, पाली दरवाजाची वाट पायऱ्यांची आणि रुंद हवी. दोन्ही आक्षेप बरोबर आहेत. त्याने आणि माझ्या लेकीने दीड तासात माचीचे टोक दोन विटांनी वाढवून त्याला तीन पायऱ्यांचा उतार दिला.

मी त्याला आईच्या शेणकाल्याबद्दल सांगितले. त्यालाही ठाऊक नव्हते. हाताची माती न धुता तो आईशेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, “मला वाटायचं, माझाच किल्ला तडकत नाही.” आईने त्याच्या हातावरची माती पदराने पुसली आणि चकलीची ताटली पुढे सरकवली.

९ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचे लग्न होऊन गेल्यावर आज किल्ला उतरवला. माती ढेकळे फोडून, चाळून सहा गोण्यांत भरून ठेवली आहे. पुढच्या वर्षी दोनच गोण्या नव्या लागतील. विटा आणि कौले जिन्याखाली रचली.

एकूण खर्च २,६१० रुपये: लाल माती ९६०, काळी माती ५००, चित्रे ५३०, पोती १५०, हळीव दोनदा मिळून १५०, काव आणि खडूची पूड ९०, वाळू ८०, पुठ्ठा ६०, शेण ५०, मोहरी ४०. यांतले काळी माती, पुठ्ठा आणि पहिल्या हळिवाचे मिळून ६३५ रुपये टाळता आले असते. माझे स्वतःचे साधारण ४६ तास लागले. त्यांतले चौदा चुका निस्तरण्यात गेले. शेणकाल्याला रोज रात्री अर्धा तास धरावा आणि तो एका माणसावर टाकू नये. पुढच्या वर्षी प्रत्येक घराने एकेक रात्र वाटून घेण्याचे मुलांच्या आईवडिलांनी कबूल केले आहे.

नेढ्याची करवंटी अखंड निघाली. ती धुऊन, उन्हात वाळवून, हात तुटलेल्या मावळ्याशेजारी पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे आणि वर लेकीने चिठ्ठी लावली आहे: सुवेळा माची, उभी बसवायची, कापलेली बाजू पूर्वेला.